'मी आलो' हे दुरुस्त करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आधी एक विनंती, तेवढी प्रूफ बघणाऱ्यांपर्यंत पोचवा प्लीज. मी बाई आहे आणि या पत्रात सगळीकडं 'मी गेलो', 'मी शिकलो', 'मी बसलो' असंच लिहिलंय. टायपिंगची चूक नाही, मोबाईलनं आपोआप बदललेलं नाही, आणि भावानं माझ्या नावानं पत्र पाठवलंय असंही नाही. सांगली-कोल्हापूरकडं आम्ही बायका असंच बोलतो, माझी आई बोलते, आजी बोलायची, बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी बोलतात. एरवी पेपरला लिहिताना मी पण गुपचूप 'गेले' 'आले' करून टाकतो, आज मुद्दाम केलं नाही कारण पत्राचा विषयच तो आहे.

झालं असं की मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत 'पदवीनंतर काय' म्हणून दोन पानं आली होती. चांगली होती, कात्रण काढून ठेवलंय. इव्हेंट मॅनेजमेंट होतं, सायबर सिक्युरिटी होतं, बेकरी होतं, भाषांच्या चौकटीत जर्मन, जपानी, अनुवाद, पत्रकारिता, सबटायटलिंग होतं. भाषाविज्ञान मात्र नव्हतं. दोनदा वाचलं, खालची बारीक अक्षरं पण वाचली, नव्हतंच. आणि त्याच अंकात आतल्या पानावर मराठीला अभिजात दर्जा मिळाला आता पुढं काय असा मोठा लेख! 3 ऑक्टोबर 2024 ला केंद्रानं दर्जा दिला तेव्हापासून असे लेख मी वाचतोय, सगळ्यांत ज्ञानेश्वर असतात, लीळाचरित्र असतं, गाथासप्तशती असते, इंग्रजी शाळांना शिव्या असतात. पण भाषेचा अभ्यास हा एक विषय आहे, त्यात एम.ए. करता येतं, पीएच.डी. करता येते, प्राध्यापकीच्या नेट परीक्षेला त्याचा वेगळा कोड आहे (31), हे एकाही लेखात नसतं. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

मी कुपवाडची. म्हंजे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेतलं तिसरं नाव, ज्याला लोक एमआयडीसी म्हणूनच ओळखतात. आम्ही जैन, घरात कानडी. दाराबाहेर पडलं की मराठी, आणि मागच्या गल्लीत मुसलमान वस्ती आहे तिथं त्यांची उर्दू, जी ऐकून लखनौचा माणूस बेशुद्ध पडेल. लहानपणी यात काही विशेष आहे असं कधी वाटलं नाही, उलट लाजच वाटायची. बी.ए. मराठीला असताना वर्गात पहिल्याच आठवड्यात मी सरांना म्हटलं 'सर, मी काल आलो नव्हतो', आणि वर्ग फुटला. सर पण हसले. म्हणाले, 'आलो नव्हतो? तू मुलगा आहेस का गं?' त्यानंतर तीन वर्षं त्या वर्गात मी शक्यतो असं वाक्य बोलायचोच नाही ज्यात स्वतःचं येणं-जाणं येईल. 'मला यायला जमलं नाही' म्हणायचो. 'माझ्याकडून राहिलं'. भूतकाळातून सुटायच्या किती वाटा असतात ते तेव्हा शिकलो.

आता गंमत अशी की त्याच बी.ए.ला भाषाविज्ञानाचा एक पेपर होता! तिसऱ्या वर्षाला. गाईडमधून भाषेच्या पाच व्याख्या पाठ, 'यादृच्छिक ध्वनिसंकेतांची व्यवस्था' हे पाठ, स्वन म्हंजे काय स्वनिम म्हंजे काय पाठ, स्वनिम शोधायच्या कसोट्या पाठ. पाठ करून मार्क पण चांगले पडले. पण वर्षभरात एकदा सुद्धा कुणी म्हटलं नाही की अरे तुम्ही सगळे इथं वेगवेगळं बोलताय, जरा एकमेकांचं ऐका. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळे आहेत हे पुस्तकात होतं, पण ते तोंडानं म्हणून जीभ कुठं लागते ते बघायला कुणी सांगितलं नाही. 'चाट' खायची असते तेव्हा जीभ मागं टाळूला, आणि बशी 'चाट' म्हटलं की दातांमागं, अक्षर मात्र तेच. आत्ता वाचताना करून बघा, हॉलमध्ये माणसं असली तर हळू करा.

मग हैदराबादला एम.ए. लिंग्विस्टिक्सला, म्हंजे भाषाविज्ञानालाच, कशी गेलो ते सांगत बसत नाही, मैत्रीण फॉर्म भरत होती म्हणून मी पण भरला, तिचं झालं नाही माझं झालं. बहुतेक लोक या विषयात असेच अपघातानं येतात. आमच्या बॅचमध्ये एक केमिस्ट्रीवाला होता, दोन इंग्लिशवाल्या, एक संस्कृतवाला, एक इंजिनिअरिंग सोडून आलेला. ठरवून आलेला एकही नाही, कारण ठरवायला आधी माहीत तर पाहिजे.

दुसऱ्या सेमिस्टरला समाजभाषाविज्ञानाच्या तासाला सरांनी फळ्यावर एक गावाचं नाव लिहिलं. 'कुपवार'. इंग्रजीत, शेवटी आर. वर्गाला वाटलं काश्मीरचं कुपवाडा असणार, मला पण तेच वाटलं. सर सांगायला लागले की एका गावात तीनचार भाषा शेकडो वर्षं शेजारी राहिल्या, माणसं रोज दोन-तीन भाषांत ये-जा करतात, आणि शेवटी असं झालं की शब्द ज्याचे त्याचे वेगळे पण वाक्याचा सांगाडा एकच, जणू एका साच्यातून तीन भाषा काढल्यात. मग उदाहरण लिहिलं. पहिली ओळ उर्दू, 'पाला जरा काट के ले के आया'. दुसरी ओळ मराठी, 'पाला जरा काप-ऊन घे-ऊन आलो'. खाली कानडी. एकाखाली एक तुकडे, काट खाली काप, के खाली ऊन, ले खाली घे. आणि सर म्हणाले, दिस इज अ व्हिलेज इन सांगली डिस्ट्रिक्ट, महाराष्ट्र.

संपादकसाहेब, मी त्या वर्गात पाला घेऊन आलेली होतो. म्हंजे खरंच, शेळीला पाला आणायचं काम लहानपणी माझ्याकडंच होतं. तो आर म्हंजे आपला ड आहे हे तेव्हा डोक्यात शिरलं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी 1971 ला छापलेला लेख आहे, जगात कुठंही भाषासंपर्क शिकवतात तिथं कुपवाड येतंच. पन्नास वर्षं बर्लिन आणि कॅलिफोर्नियातली पोरं आमच्या गल्लीतली वाक्यं परीक्षेत लिहितायत आणि आमच्या गल्लीला पत्ता नाही! सांगलीत बी.ए.ला भाषाविज्ञानाचा पेपर पाठ करणाऱ्या मला पण नव्हता, कुपवाडपासून तो वर्ग सिटी बसनं वीस मिनिटं.

हात वर करून मी सांगितलं की हे माझं गाव. सरांनी खडू ठेवला. पुढचा अर्धा तास वर्ग मीच घेतला म्हटलं तरी चालेल. सर प्रश्न विचारत होते, मी बोलत होतो. आमच्याकडचे मुसलमान 'हम जाएंगे' आणि 'अपन जाएंगे' यात फरक करतात का? करतात की. चाचा 'अपन' म्हणाले तर मी पण धरून, 'हम' म्हणाले तर मी घरी बसायचं. अगदी आपल्या आम्ही आणि आपण सारखं. हिंदीच्या पुस्तकात हा फरक असा नसतो. आणि मग सरांनी विचारलं, बायका 'आलो' म्हणतात का? कारण बघ, कानडीत 'नानु बंदे' म्हंजे मी आलो पण आणि मी आले पण, मी म्हणताना क्रियापद बाई-बुवा करतच नाही. तुमच्या भागात कानडी-मराठी इतकी मिसळलीय की मराठीनं पण 'मी' पुरतं ते सोडून दिलं असावं.

मला ते शंभर टक्के पटतं, कारण बघा ना आम्ही 'ती आली' म्हणतो, 'ती आलो' कुणी म्हणत नाही. 'मी एकटीच गेलो' म्हणतो, एकटी तशीच राहते, फक्त क्रियापद बदलतं. म्हंजे आम्हाला स्त्रीलिंग येत नाही असं नाही, आमच्याकडं त्याचा नियम वेगळा आहे आणि तो अगदी कडक पाळतात. ज्या सरांनी 'तू मुलगा आहेस का' विचारलं होतं त्यांना त्या दिवशी फोन करावासा वाटला, केला नाही. हॉस्टेलवर येऊन आईला केला. आई म्हणाली, बरं, जेवलीस का?

(नंतर कळलं की त्या कुपवाडच्या चित्रावर पण वाद आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी परत गावात जाऊन ते सगळं तपासलं, एकास एक साच्याचं म्हणणं जसंच्या तसं टिकत नाही असं त्यांचं म्हणणं. शाळा मराठी, कचेरी मराठी, राज्य मराठी, तेव्हा तिन्ही भाषा बरोबरीच्या राहतील कशा. हे मला घरातच दिसतं, माझे पुतणे कानडी समजतात पण उत्तर मराठीत देतात.)

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, लिंग्विस्टिक्स केलंस म्हंजे किती भाषा येतात? तीन, ज्या आधीच येत होत्या. हा विषय भाषा शिकायचा नाही, भाषा उघडून बघायचा आहे, जसं मेकॅनिकला गाडी उघडता येते पण तो रेसर असेलच असं नाही. पहिल्या सेमिस्टरला ध्वनी. कानात हेडफोन, प्रॅट नावाचं फुकट सॉफ्टवेअर, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून त्याची करडी-काळी पट्टी बघायची आणि त्यात 'क' फुटला कुठं ते शोधायचं. परीक्षेला सर आयुष्यात न ऐकलेले आवाज काढायचे आणि आम्ही ते आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहायचे, यात मला ळ मुळं फायदा झाला, दिल्लीकडची पोरं ळ ला ल लिहून मार्क घालवायची. मग वाक्याची झाडं काढायची, वह्याच्या वह्या झाडं. 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली', खाणारी मीच, मग क्रियापद आंब्याच्या आणि पोळीच्या मागं का जातं? आणि 'त्यानं' खाल्ला म्हणतो तर 'मीनं' का म्हणत नाही? जन्मभर बोललेली भाषा, आणि एक साधा प्रश्न आला की तोंड उघडं.

सगळ्यात भारी फील्ड मेथड्सचा पेपर. यात पुस्तक नसतं, माणूस असतो. आमच्यासमोर झारखंडचा एक विद्यार्थी बसवला, मातृभाषा मुंडारी, आमच्यापैकी कुणाला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं, आणि सेमिस्टरभर त्याला विचारून विचारून व्याकरण लिहायचं. डोकं, पाणी, कुत्रा, एक, दोन, तीन. चारला तो 'उपुन' म्हणाला. सुट्टीत अमरावतीच्या मित्राकडं गेलो होतो तेव्हा मेळघाटातल्या एका माणसाला सहज विचारलं तुमच्या कोरकूत चारला काय म्हणतात, जवळजवळ तोच शब्द आला. अंगावर काटाच आला. कोरकू पण मुंडारीच्याच मुंडा घराण्यातली हे वाचलं होतं पण वाचणं वेगळं. याच राज्यात विदर्भात गोंडी आणि कोलामी या द्रविड भाषा आहेत, म्हंजे कानडी-तेलुगूच्या नात्यातल्या, आणि बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला निहाली आहे जिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं लागलेलं नाही, बोलणारे दोनेक हजार असतील. मराठी शाळेत दहावीपर्यंत यातलं एक नाव ऐकलं नव्हतं मी.

आता रडगाणं. त्याशिवाय वाचकांचा पत्रव्यवहार पूर्ण होत नाही.

पहिलं इंग्रजीचं. विषय सगळा इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, त्यातली अर्धी उदाहरणं पण इंग्रजीची. मराठी मीडियममधून आलेल्या पोरीला पहिले चार महिने विषय अवघड आहे की भाषा अवघड आहे तेच कळत नाही. मला वाचवलं ते ना. गो. कालेलकरांनी. दिवाळीत घरी आलो तेव्हा वाचनालयात 'ध्वनिविचार' मिळालं, 1955 चं पुस्तक, पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, आणि तीन रात्रीत जे हैदराबादला चार महिन्यांत कळलं नव्हतं ते कळलं. पॅरिसला शिकून आलेला माणूस, पण लिहितो असा की शेजारी बसून सांगतोय. त्यांच्याच 'भाषा : इतिहास आणि भूगोल' ला 1967 चा साहित्य अकादमी आहे. अशोक केळकरांच्या 'रुजुवात' ला पण साहित्य अकादमी आहे, ते तर कॉर्नेलहून मराठीवर पीएच.डी. करून आलेले आणि मराठीत लिहिणारे. म्हंजे हा विषय मराठीत लिहिता येत नाही ही थाप आहे. लिहिलेला आहे, चांगला लिहिलेला आहे, फक्त नंतरच्या काळातलं एका जागी मिळत नाही. साठच्या दशकात अ. मा. घाटग्यांनी बोलींची पाहणी केली, कुडाळी, महाडची कुणबी, काणकोणची कोकणी, कासरगोडची मराठी, एकेका बोलीवर एकेक पुस्तक. ती सगळी इंग्रजीत. महाडच्या कुणब्याला त्याच्याच बोलीवरचं पुस्तक वाचायला आधी इंग्रजी शिकायला पाहिजे. अलीकडं राज्य मराठी विकास संस्थेच्या मदतीनं डेक्कन कॉलेजनं मराठी बोलींचं नवं सर्वेक्षण केलंय, ते इंटरनेटवर आहे, गावोगावचे फरक नकाशावर बघता येतात, यावर तुम्ही एक पान करा ना, लोक वेडे होतील बघून.

दुसरं नोकरीचं. एम.ए. झालं, नेट झालं, सांगली भागातल्या एका सीनियर कॉलेजात सीएचबीवर मराठीची जागा निघाली म्हणून गेलो. तासाला पैसे, सुट्टीला शून्य, तरी गेलो. पॅनेलवरच्या तिघांनी फाईल उलटी सुलटी करून बघितली. 'तुमचं मराठी नाही हो, लिंग्विस्टिक्स आहे.' मी म्हटलं तुमच्या तिसऱ्या वर्षाला भाषाविज्ञानाचा पेपर आहे, तो तरी द्या, बी.ए. पण मराठीच आहे माझं. नियमात बसत नाही. इंग्लिश डिपार्टमेंटला विचारलं तर त्यांनी पण तेच सांगितलं, तुमचं इंग्लिश नाही. म्हंजे भाषा शिकवायच्या दोन खोल्या, दोन्हीच्या दारात भाषेचा अभ्यास केलेली बाई उभी, आणि आत भाषाविज्ञान गाईडवरून डिक्टेट होतंय. चहा मात्र चांगला दिला. अभ्यासक्रमातला पेपर आणि नेमणुकीचा नियम हे दोन कागद एकाच टेबलावरून निघतात ना? मग त्यांची कधीतरी गाठ घालून द्या एवढंच म्हणणं.

तिसरं जास्त महत्त्वाचं, कारण ते फक्त माझ्या पोटाचं नाही. कॉलेजचं जमलं नाही तेव्हा एका कंपनीचं घरबसल्या काम घेतलं. आता हा स्कोप वाढलाय खरा, मशीनला भाषा शिकवायचं काम. मराठी बोलण्याच्या क्लिप येतात, ऐकायच्या, टाईप करायच्या, खूण करायची. बोलणारी बाई का पुरुष, वय किती, गाव कुठलं, चूक आहे का. पैसे क्लिपवर. दोन महिने छान चाललं. मग एक क्लिप आली, बाई, वय साठीच्या आसपास, मागं भांड्यांचा आवाज, आणि ती म्हणते 'मी सकाळीच जाऊन आलो बघ बँकेत'. माझ्या आजीचाच आवाज वाटला क्षणभर. मी जशीच्या तशी टाईप केली, पुढं ढकलली. दुसऱ्या दिवशी क्लिप लाल होऊन परत. शेरा होता, स्पीकर फिमेल, क्रियापद मॅस्क्युलिन, ग्रामर एरर, कृपया दुरुस्त करा.

मी लिहून पाठवलं, ही चूक नाही, कोल्हापूर-सांगली भागातलं प्रमाण रूप आहे. परत लाल. मोठा ईमेल लिहिला, कानडीचं सांगितलं, कुपवाडच्या लेखाचं सांगितलं, व्याकरणाचा नियम उलगडून दाखवला. उत्तर आलं, गाईडलाईनप्रमाणे 'आले' करा अथवा क्लिप रिजेक्ट करा. त्या महिन्यात अशा अकरा क्लिपा आल्या. सगळ्या आमच्याकडच्या बायका, बँक, दवाखाना, मोटर जळाली, लाईट बिल. मी एकही दुरुस्त केली नाही, अकराच्या अकरा रिजेक्ट मारल्या, पैसे पण गेले आणि त्या बायका पण गेल्या. आता विचार केला की वाटतं उलट चूक केली, 'आले' करून का होईना आत तरी गेल्या असत्या. काय बरोबर होतं अजून ठरत नाही. पण उद्या बँकेचं मशीन मराठी बोलेल तेव्हा माझ्या आईचं वाक्य त्याला कळेल का नाही हे ज्यानं ती गाईडलाईन लिहिली त्यानं ठरवून टाकलंय, आणि त्याला भाषाविज्ञानाचा एक तास कुणी दिलेला नव्हता हे मी पैजेवर सांगतो. अशा ठिकाणी आमच्यासारखी माणसं बसवायला नकोत का? मराठी बोलणारे 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख. या 8 कोटींत 'गेले' म्हणणाऱ्या किती, 'गेलो' म्हणणाऱ्या किती, 'गेल्ये' म्हणणाऱ्या किती, हे माहीत नसताना मशीनला मराठी शिकवायला निघालोत.

लोक म्हणतात मग रेकॉर्ड करा, सोपं आहे. सोपं नाही, ते पण शिकायला लागतं. माझ्या लघुप्रबंधाला मी हेच घेतलं होतं, आमच्या गल्लीतल्या बायकांचं 'मी'. पहिल्या दिवशी शेजारच्या काकूंसमोर फोन ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, म्हटलं काकू, काल दिवसभर काय केलंत सांगा. काकूंनी पदर नीट केला, घसा साफ केला, आणि आकाशवाणी सुरू झाली. 'काल मी सकाळी लवकर उठले. त्यानंतर मी मंदिरात गेले.' उठले? गेले? ज्या बाईच्या तोंडून मी वीस वर्षांत 'गेले' ऐकलं नाही! लेबॉव्ह नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं याला नाव दिलंय, निरीक्षकाचा पेच म्हणा हवं तर, आपल्याला हवं असतं ते बोलणं जे कुणी ऐकत नसताना होतं, आणि ते मिळवायला तर ऐकायला लागतं. पंचवीस मिनिटं काकू पुस्तकासारखं बोलल्या. मी नाद सोडून फोन उचलणार एवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला आणि काकू ओरडल्या, 'अगं बाई, गॅस बंद करायचा विसरलोच की मी!' तेवढं एक वाक्य. माझ्या अख्ख्या प्रबंधातलं सगळ्यात भारी वाक्य ते, खाली तळटीपेत दूध उतू जात असताना असं लिहिलंय, गाईड मॅडमनी ती तळटीप काढायला लावली नाही.

तर तुमच्याकडं मागणं एवढंच की पुढच्या वर्षी पुरवणी काढाल तेव्हा भाषेच्या चौकटीत एक ओळ वाढवा. भाषाविज्ञान, एम.ए., दोन वर्षं, कुठल्याही शाखेची पदवी बहुतेक ठिकाणी चालते, पुण्यात डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठात विभाग आहे, वर्ध्याला हिंदी विद्यापीठात आहे, बाहेर हैदराबाद, दिल्ली. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37 हजार, हे आईवडलांसाठी ठळक छापा. नोकरीचं खोटं काही छापू नका, मी वर लिहिलंय तेच छापा. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, तिथल्या मंडळींपर्यंत हे पत्र गेलं तर त्यांना पण सांगणं आहे की भाषाविज्ञान मराठीतून शिकवा, परीक्षा मराठीतून घ्या, आणि पहिल्या तासाला व्याख्या सांगू नका, पोरांना म्हणा घरी आज्जी शेवटचं काय बोलली ते जसंच्या तसं लिहून आणा.

आमच्या शेजारची एक पोरगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुरवणी घेऊन आली होती, अक्का, तू केलंस ते यात कुठंय? दाखवायला काही नव्हतं म्हणून लॅपटॉपवर काकूंचं दुधाचं वाक्य ऐकवलं, पट्टी दाखवली, 'विसरलोच' चा शेवट कसा वर जातो ते दाखवलं. हसली आणि गेली, याला स्कोप काय हे विचारलं सुद्धा नाही, मला वाटलं संपलं. काल रात्री साडेअकराला तिची व्हॉट्सअपवर एक ऑडिओ फाईल आली, चार मिनिटांची, तिची आजी कुणाला तरी भांडतेय, मागं कुकर. खाली मेसेज, 'अक्का, 2.14 ला आजी गेलो म्हणतीय का गेल्तो? मला तीनदा ऐकून पण कळंना.'

मी सहा वेळा ऐकलं. गेल्तो आहे.

आपली एक वाचक,
कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली

ता.क. 'आमच्याकडं' चं 'आमच्याकडे' पण करू नका. जागा कमी पडली तर रडगाण्यातलं पहिलं कापा, दूध ठेवा.